छोटं फॅब्रिक कोलाज आणि जर्नल क्विल्ट: आधी काय शिवायचं आणि काय शेवटी लावायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साधं क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवणं, तुम्हाला येतं, चिंध्या, लेस, जुनी पत्रं, बटणं असा बराच साठा झालाय, त्यातून छोटी मिक्स मीडिया कोलाजं (कापड, कागद, रंग, बटणं सगळं एकत्र) करायचीत आणि महिन्याला एक जर्नल क्विल्ट, म्हणजे डायरीच्या पानासारखं छोटं क्विल्ट, करायचं मनात आहे. पण केलेल्या दोन्हीत घोळ झाला, एक कडक होऊन त्याच्या कडांना लाटा आल्या आणि दुसरं नुसतं गिचमीड दिसतंय. आता सामान कोणतं घ्यायचं, कामाचा क्रम काय आणि कडा कशा पूर्ण करायच्या हे हवंय.

क्रमापासून सुरू करते, कारण पहिल्या तुकड्याचं जे झालंय ते क्रमामुळे झालंय. मिक्स मीडिया म्हटलं की हात आधी गोंदाकडे जातो, सगळं चिकटवून टाकलं जातं आणि मग मशीनखाली घातल्यावर सुई अडते, धागा तुटतो, टाके वगळले जातात आणि ओढाताणीत कापड वाकडं होतं. माझा नियम असा की ज्यातून सुई जायचीय ते मऊ असतानाच शिवून घ्यायचं. रंग द्यायचा तर सुट्या कापडावर आधीच द्यायचा, पातळ, आणि वाळवून इस्त्री करून ठेवायचा. मग तुकडे मांडायचे, फ्यूज करायचे (इस्त्रीच्या उष्णतेने चिकटवायचे), मशीनचे टाके, हाताचे टाके, मग कडा, आणि मणी, बटणं, धातूचे तुकडे, जाड मिडियमचा, म्हणजे ॲक्रिलिकच्या गोंदासारख्या लेपाचा, थर असलं सगळं अगदी शेवटी. हा क्रम पाळला तर कडकपणाचा प्रश्न बहुतेक उद्भवतच नाही.

दुसरा तुकडा गिचमीड झाला त्याचं कारण वेगळं आहे. त्यात तुम्ही बहुतेक एकाच वेळी पाच गोष्टी करून बघितल्यात, रंगही, फोटोही, लेसही, वितळवलेलं काहीतरीही आणि वर मणी. जर्नल क्विल्ट छोटं असतं ते नेमकं यासाठी की एका तुकड्यात एकच प्रश्न घ्यायचा आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्याच्यापाशीच राहायचं. म्हणजे या महिन्यात फक्त कागद शिवून बघायचा, पुढच्या महिन्यात फक्त करडा रंग आणि हाताचे टाके, त्यानंतर एखादं पारदर्शक कापड. विषय काहीही असू दे, पाऊस, आजारपण, घरातली खिडकी, पण नवीन तंत्र एकच. बाकीचं सगळं येणाऱ्यातलं.

मापाबद्दल सांगते. जर्नल क्विल्टची जी पद्धत आज सगळीकडे दिसते ती २००२ मध्ये कॅरी ब्रेसनहन यांनी अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या आंतरराष्ट्रीय क्विल्ट फेस्टिव्हलसाठी सुरू केलेल्या प्रोजेक्टमुळे पसरली, त्यात महिन्याला एक छोटं क्विल्ट करायचं आणि माप ठरलेलं, साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे लेटर साइझचा कागद. तुम्ही ए-फोर घ्या, सहा इंचाचा चौकोन घ्या, चार बाय सहाचं पोस्टकार्ड घ्या, हरकत नाही, फक्त एकदा ठरवलं की निदान वर्षभर तेच ठेवा. माप सारखं असलं की तुकडे शेजारी मांडून तुलना करता येते आणि कुठे पुढे गेलात ते डोळ्याला दिसतं. दर वेळी माप बदललं तर प्रत्येक वेळी मांडणीचा विचार शून्यापासून करावा लागतो आणि महिना त्यातच जातो.

आता बेस, म्हणजे ज्यावर सगळं शिवायचं तो खालचा थर. छोट्या कामाला फुगीर बॅटिंग (क्विल्टमधला मऊ भराव) नको, ती टाक्यांच्या मध्ये फुगते आणि बारीक तुकडे गिळून टाकते. पातळ कॉटन बॅटिंग चालते, पण मला फेल्ट जास्त आवडतं कारण त्याला वीण नसते, कडा निघत नाहीत, सपाट राहतं आणि हाताने टाके घालताना सुई छान सरकते. पोस्टकार्डसारखं ताठ हवं असेल तर जाड फ्यूजिबल स्टॅबिलायझर, म्हणजे इस्त्रीने चिकटणारा ताठ थर, घ्या, फक्त मग हाताचे टाके घालताना बोटं दुखतात हे लक्षात ठेवा, तिथे मशीनच बरी. बेस कुठलाही असो, हव्या त्या मापापेक्षा चारही बाजूंनी निदान अर्धा इंच मोठा कापा, दाट टाके घालणार असाल तर एक इंच. टाके पडले की कापड आत ओढलं जातं, आणि शेवटी माप कमी भरलं तर काही करता येत नाही, जास्त असलं तर कापता येतं.

चिंध्या निवडताना लोक रंगच बघत बसतात, पण छोट्या तुकड्यात चित्र उभं राहतं ते फिक्या-गडदपणामुळे. टेबलावर फिक्या, मधल्या आणि गडद अशा तीन राशी करा. मधलीच सगळ्यात मोठी होणार, सगळ्यांच्याच साठ्यात तसं असतं, आणि म्हणूनच कोलाज सपाट आणि गढूळ दिसतं. मांडणी झाली की मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून बघा, जिथे दोन तुकडे एकमेकांत विरघळून एक करडा डाग दिसतो तिथे एक तुकडा बदला. मला स्वतःला तीन मोठे आकार, त्यातला एक स्पष्टपणे सगळ्यात मोठा, आणि डोळ्याला थांबायला एक रिकामी जागा एवढं पुरतं. रिकामी म्हणजे साधं कापड, त्यावर नुसता धावदोरा असला तरी चालेल, पण प्रिंट नको, लेस नको. हे सांभाळायला सगळ्यात अवघड आहे, हात राहत नाही, पण तुमचं दुसरं कोलाज वाचलं असतं ते यानेच.

तुकडा कशाचा आहे हे माहीत नसेल तर दोन-चार धागे चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर जाळून बघा, शेजारी पाणी ठेवून. सुती कापड कागदासारखा वास येऊन मऊ राख होतं, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. हे कळणं गरजेचं आहे कारण पुढे इस्त्री फिरणार आहे, आणि एखादी ऑर्गेंझा (पातळ पारदर्शक कापड) किंवा नायलॉनची नेट सुती कापडाच्या तापमानाला क्षणात आकसून इस्त्रीला चिकटते.

चिकटवण्यासाठी कापडाच्या कामात फ्यूजिबल वेब सगळ्यात बरा, म्हणजे कागदाच्या पाठीवरचा उष्णतेने वितळणारा चिकट जाळीचा थर. कागदावर आकार उलटा काढायचा, कारण शेवटी तो आरशातल्यासारखा फिरतो, अक्षरं असतील तर हे विसरू नका. कापडाच्या मागे लावायचा, मग आकार कापायचा, कागद सोलायचा, बेसवर ठेवून इस्त्री दाबायची. दाबायची, फिरवायची नाही, नाहीतर तुकडे सरकतात. किती सेकंद आणि किती गरम ते पाकिटावर लिहिलेलं असतं ते पाळा, जास्त वेळ ठेवलं तर चिकटपणा कापडात मुरून जातो आणि तुकडा सुटतो. वर आणि खाली बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद ठेवा, मेणाचा कागद नाही, त्याचं मेण कापडात उतरतं. वेब शक्यतो हलका घ्या. आणि सगळ्या तुकड्यांना लावायचीही गरज नसते, काही तुकडे नुसते टाचणीने किंवा कच्च्या टाक्याने धरून शिवले तर त्यांच्या कडा थोड्या उठतात, सुटे धागे दिसतात, आणि त्या सपाट फ्यूज केलेल्या भागाशेजारी ते फार सुंदर दिसतं. अगदी बारीक चिंध्या आणि धाग्यांचे पुंजके असतील तर त्यांच्यावर एक नेट पसरा आणि नेटवरून टाके घाला, गोंद लागतच नाही.

मशीनचं थोडं. सुई नव्वद नंबरची टॉपस्टिच घ्या, तिचं नेढं मोठं असतं म्हणून चमकीचा किंवा जाड धागा घासून तुटत नाही. वेबचा चिकटपणा सुईला लागला की टाके वगळायला लागतात, तेव्हा धाग्याला दोष देण्याआधी सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. फ्री मोशन, म्हणजे कापड हाताने हव्या त्या दिशेला फिरवत शिवणं, करायचं असेल तर खालचे दात उतरवा, डार्निंग फूट लावा, वरच्या धाग्याचा ताण थोडा कमी करा, आणि मशीन बऱ्यापैकी वेगात चालू ठेवून हात सावकाश हलवा, उलटं केलं की लांबलचक वेडेवाकडे टाके येतात आणि सुई मोडते. सवय नसेल तर फ्री मोशनच्या मागे लागूही नका, वॉकिंग फूट (वरचं कापडही सोबत सरकवणारा फूट) लावून जवळजवळ सरळ रेषा मारल्या, थोड्या डगमगत्या आल्या तरी, छोट्या कोलाजला त्या पुरून उरतात. अख्खी पार्श्वभूमी अशा रेषांनी बांधली की वेगवेगळ्या घरांतून आलेले तुकडे एका कामाचे वाटायला लागतात.

पण खरा जीव हाताच्या टाक्यांत आहे असं मला वाटतं. साधा धावदोरा, तोच जवळजवळ ओळींनी घातला की कापडाला बारीक लाटा येतात आणि उजेड त्यावर वेगळा पडतो. विखुरलेले छोटे टाके कुठेही कसेही, त्यांनी एक रंग दुसऱ्यात हळूहळू मिसळवता येतो, रंगाच्या ब्रशने जे होतं ते इथे धाग्याने होतं. फ्रेंच नॉट (धाग्याची छोटी गाठ) आणि साखळी टाका आला की बाकीचे टाके पुस्तकात बघत बसायची गरज नाही. भरतकामाच्या सहापदरी धाग्यातले दोन पदर घ्या, नाहीतर परले कॉटन (पीळदार भरतकामाचा धागा) आठ किंवा बारा नंबर, त्यात आकडा मोठा तसा धागा बारीक. धाग्याचा रंग खालच्या कापडापेक्षा एकच पायरी फिका किंवा गडद घेऊन बघा, अगदी वेगळा रंग घेतला की टाका ओरडतो आणि नीट नसेल तर तेवढंच दिसतं.

कडांच्या लाटांचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. मधे दाट टाके पडले, तो भाग आकसला, कडेला टाकेच नव्हते म्हणून तिथलं कापड आहे तेवढंच राहिलं, आणि ते जादा कापड लाटा होऊन उभं राहिलं. म्हणून टाक्यांची दाटी साधारण सगळीकडे सारखी ठेवायची, मध्यापासून सुरू करून बाहेर येत जायचं आणि कडेपर्यंत न्यायचं. दाटी मुद्दामच एका जागी हवी असेल तर त्या भागाखाली स्टॅबिलायझर लावा. लाटा येऊन गेल्यात असं काम सरळ करायचं असेल तर जाड टॉवेलवर पालथं घालून वाफ द्या आणि गार होईपर्यंत हात लावू नका, तेवढ्याने नाही जमलं तर हलकं ओलं करून फोमच्या बोर्डवर चौकोनात टाचण्या मारून पूर्ण वाळू द्या. अर्थात पाण्याने पसरणारी शाई किंवा रंग त्यात नसेल तरच.

कागदावर थोडं जास्त बोलते कारण तुमच्याकडे जुनी पत्रं आहेत. मूळ पत्र वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे, स्कॅन करा किंवा झेरॉक्स काढा आणि ती वापरा. मूळ एकदा कापलं आणि त्यात सुया गेल्या की संपलं. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट कापडावर उतरवायची सोपी पद्धत अशी, सुती कापडावर मॅट जेल मिडियमचा सारखा थर द्यायचा, प्रिंट छापील बाजू खाली करून त्यावर दाबायची, हवेचे बुडबुडे काढायचे, रात्रभर पूर्ण वाळू द्यायची आणि मग कागद मागून ओला करून बोटाने चोळून चोळून काढायचा. टोनर हे मुळात प्लॅस्टिक असल्यामुळे ते मिडियमला धरून राहतं आणि कागदाचा लगदा निघून जातो. इंकजेटची प्रिंट इथे चालत नाही, बहुतेक शाया ओल्या मिडियममध्ये फुटतात. अक्षरं उलटी उमटतात म्हणून प्रिंट काढतानाच आरसा करून घ्या. हा उतरवलेला भाग थोडा कडक होतो, म्हणून तो छोटा ठेवा आणि भोवतीने शिवा, मधून फार टाके नकोत.

कागद कागद म्हणूनच शिवायचा असेल तर त्याच्या मागे पातळ न विणलेलं फ्यूजिबल इंटरफेसिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं अस्तर) लावा आणि मशीनचा टाका लांब ठेवा, तीन-चार मिलिमीटर. बारीक टाके घातले की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ तयार होते आणि कागद तिथूनच फाटतो. टिश्यू पेपर सगळ्यात गुणी, मिडियम आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडावर चिकटवला की सुरकुत्या पडतात, जवळजवळ कापडच होतो आणि सुई सहज जाते. वर्तमानपत्राचा कागद मात्र पिवळा आणि ठिसूळ होणारच, त्यात लिग्निन असतं, मिडियमचा थर देऊन ते पूर्ण थांबत नाही. तो पिवळेपणा चालणार असेल तरच घ्या.

रंगाचं लवकर आटोपते. ॲक्रिलिक रंग चालतात, त्यात टेक्सटाइल मिडियम मिसळा म्हणजे कापड मऊ राहतं, वाळल्यावर मागून इस्त्री करून पक्के करा. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून शिवलेल्या कामावरून नुसता फिरवला तर रंग टाक्यांच्या उंच भागालाच लागतो आणि पोत उठून दिसतो, हा एक प्रकार मी शिवून झाल्यावरही करते.

टायवेक (कागदासारखं दिसणारं प्लॅस्टिक), पॉलिएस्टर ऑर्गेंझा, हीट गन, सोल्डरिंग आयर्न यांची ओढ सगळ्यांना लागते आणि परिणाम खरंच मोहात पाडणारे असतात. टायवेक पॉलिथिलीनचं असतं, रंगवून बेकिंग कागदाच्या दोन घड्यांमध्ये ठेवून इस्त्री केली की फुगे आणि खड्डे पडतात. पण बंद खोलीत हे करायचं नाही, खिडक्या उघड्या, पंखा धूर बाहेर नेईल असा, वाफा रोखणारा रेस्पिरेटर, नुसता कापडी मास्क नाही, आणि लहान मुलं, पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत. या बाबतीत मी कुणालाच सूट देत नाही.

कडा मण्यांच्या आधी पूर्ण करायच्या, नाहीतर मशीनचा फूट मण्यावर चढतो. काम नेमक्या मापाला रोटरी कटरने कापा. सगळ्यात सोपं म्हणजे कडेवरून झिगझॅग, एकदा थोडा विरळ आणि त्यावरून पुन्हा दाट, एकाच फेरीत दाट घातला तर कडा ताणून पसरते. नेटकं बाइंडिंग (कडेभोवती शिवलेली पट्टी) छोट्या तुकड्याला फार वेळा जड चौकट बनून बसतं, त्यापेक्षा मागे दुमडून तुरपाई केलेलं फेसिंग बरं, चित्र कडेपर्यंत मोकळं राहतं. किंवा फेल्टचा बेस असेल तर कडा कच्चीच ठेवून आत पाव इंचावर दोन ओळी टिपा मारा. मग बटणं, मणी, शिंपले. जड वस्तू दुहेरी धाग्याने बेसपर्यंत जाऊन शिवायची, नुसती गोंदाने लावलेली कधी ना कधी पडतेच.

मागे लेबल लावा आणि त्यावर तारीख, विषय, कोणता वेब, कोणता मिडियम, काय जमलं हे लिहा, न पसरणाऱ्या शाईच्या पेनने. जर्नल या शब्दाचा हक्क मागच्या बाजूवर आहे असं मी मानते. हॅरिएट पॉवर्स ही अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातली, गुलामीत जन्मलेली बाई, तिची दोनच क्विल्ट्स आज शिल्लक आहेत, १८८६ च्या सुमाराचं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आणि १८९५ ते १८९८ मधलं बॉस्टनच्या म्युझियममध्ये. दुसऱ्यात १८३३ च्या उल्कावर्षावाचासुद्धा चौकोन आहे. ते चौकोन आपल्याला वाचता येतात कारण तिने सांगितलेला प्रत्येकाचा अर्थ त्या वेळी लिहून ठेवला गेला. नुसते आकार बघून उल्कावर्षाव कोणता ते कुणाला कळलं असतं?

ठेवण्याबद्दल एकच सावधगिरी, ॲक्रिलिकचे पृष्ठभाग वाळल्यावरही किंचित चिकट असतात आणि एकावर एक रचले की जोडले जातात, म्हणून मध्ये बेकिंगचा कागद घाला आणि थेट उन्हात लावू नका. आणि जुनं रेशीम वापरण्याआधी चुरगाळून बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेशमाला वजन यावं म्हणून धातूचे क्षार देत असत, त्यामुळे त्या काळच्या क्रेझी क्विल्ट्समधलं (वेड्यावाकड्या तुकड्यांच्या क्विल्ट्समधलं) रेशीम आज आपोआप चिरतंय. तसला तुकडा हवाच असेल तर नेटखाली बंद करा. गंजाचे डाग पाडलेलं कापडही असंच, दिसतं देखणं पण गंज सूत खात राहतो.

आता तुमचे ते दोन तुकडे. टाकू नका. दोन जाड कागदाचे एल आकाराचे तुकडे कापून त्यांची सरकती चौकट करा, गिचमीड झालेल्या कामावर फिरवा आणि चार बाय सहाचा एखादा भाग बरा दिसतो का बघा, बहुतेक एक तरी सापडतोच. तेवढा कापा, कडेला झिगझॅग, झालं पोस्टकार्ड. उरलेल्यावर काळी नेट किंवा एकरंगी ऑर्गेंझा पसरून टाके घातले की सगळे रंग एका सुरात येतात आणि पुढच्या कामाला पार्श्वभूमी मिळते. कडक झालेल्यात हाताची सुई घालूच नका, त्याचे सरळ दोन इंची चौकोन कापा, फेल्टवर थोडं अंतर सोडून मांडा आणि प्रत्येकाच्या कडेने मशीनने लांब टाक्याची एकेक टीप मारा, फेल्ट मधे वाकतं म्हणून लाटा राहत नाहीत. या महिन्याचं जर्नल क्विल्ट तेच करा, आणि मागे लिहा की गोंद आधी लावला होता.